मुलीला अमेरिकेतल्या कॉलेजात ॲडमिशन मिळालीय आणि मला झोप येत नाहीये

मुलुंडकरीण | २९ मार्च, रात्री १.१०

नमस्कार मंडळी. मी इथे बरीच वर्षं नुसती वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

लेक बारावीला आहे, फिजिक्सचं वेड, वरळीच्या तारांगणात लहानपणी नेलं तिथून सुरू झालं ते अजून उतरलेलं नाही. शाळेतल्या एका मॅडमनी सांगितलं म्हणून तिने अमेरिकेत सहा ठिकाणी अर्ज केले होते, आम्ही म्हटलं करू दे, कुठे मिळतंय. तर शुक्रवारी पहाटे एकातून होकार आला. नाव लिहीत नाही, पण नाव घेतल्यावर लोक भुवया वर करतात असं कॉलेज आहे. घरात नुसता दंगा, सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली, नवऱ्याने सकाळी सातला जिलब्या आणल्या.

मग संध्याकाळी ते फायनान्शियल एडचं पत्र उघडलं. वर्षाचा एकूण खर्च ९२ हजार डॉलर, त्यांची मदत ५८ हजार, आमच्या माथी ३४ हजार. डॉलर नव्वदीच्या घरात आहे म्हणजे वर्षाला तीस लाखांच्या वर, विमानाची तिकिटं वेगळी. चार वर्षांचा सव्वा कोटी. आमचं दोघांचं मिळून वर्षाचं उत्पन्न बावीस लाख, टॅक्स जायचाय त्यातून. एफड्या, पीपीएफ, माझं थोडं सोनं सगळं धरून लाइट बिलाच्या पाठीवर बेरीज केली तर ३८ लाख होतात आणि त्यात आमचं म्हातारपणही आलं.

नवरा म्हणतो बघू, होईल काहीतरी. लेकीला अजून काहीच बोललो नाहीये, ती हॉस्टेलचे व्हिडिओ बघतेय. १ मेच्या आत डिपॉझिट भरून हो-नाही कळवायचंय. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, प्लीज.

---

पार्ल्याचा_बाबू | २९ मार्च, सकाळी ७.४२

आधी अभिनंदन हो ताई, पोरीने कमाल केलीय. बाकी जाणकार येतीलच, मी जागा राखून ठेवतो.

---

आंबट_कैरी | २९ मार्च, सकाळी ९.१५

बीएस्सी करायला सव्वा कोटी? इथली कॉलेजं काय ओस पडलीयेत का. सगळं शेजाऱ्यांना सांगायसाठी चाललेलं असतं.

---

निवृत्त_बँकवाला | २९ मार्च, सकाळी १०.३०

कैरीबाई, ताईंनी कॉलेज कशाला असं विचारलेलं नाही, पैसे कसे असं विचारलंय.

मुलुंडकरीणताई, मी सरकारी बँकेत एकतीस वर्षं काढली, शेवटची सहा एज्युकेशन लोनच्या टेबलावर. माझा अनुभव असा की पालक व्याजदर विचारतात आणि हप्ता विचारतच नाहीत. तर एक हिशेब पाठ करून टाका, साडेदहा टक्के आणि पंधरा वर्षं धरली तर दर १० लाखांना महिन्याला ११ हजारांच्या आसपास हप्ता बसतो. आता गंमत पुढे आहे. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नसतो म्हणून लोक खूश असतात, पण व्याज पहिल्या दिवसापासून चालू असतं. तुम्ही दरवर्षी ३० लाख असे चार वेळा उचललेत आणि मध्ये व्याज भरलं नाहीत तर पाचव्या वर्षाच्या शेवटी १ कोटी २० चे १ कोटी ६४ झालेले असतील. त्याचा हप्ता महिना १ लाख ८० हजार. तो कोण भरणार? बावीस वर्षांची मुलगी, जिला फिजिक्सच करायचंय, म्हणजे नोकरी न करता पुढे पीएचडीच करायची आहे? की तुमचे मिस्टर, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी?

दुसरं, इतकं मोठं कर्ज बिनतारणी देणाऱ्या बहुतेक खाजगी वित्त कंपन्या, त्यांचा दर जास्त आणि प्रोसेसिंग फी वेगळी. सरकारी बँक साडेसात लाखांच्या वर सहसा तारण मागते. घर स्वतःचं आहे का?

---

मुलुंडकरीण | २९ मार्च, दुपारी १२.०५

काका, १ लाख ८० हजार वाचून पाणी प्यायले.

घर स्वतःचं आहे, मुलुंड पूर्वेला, ४२० कार्पेट. पण बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलीय, आम्ही सध्या भाड्याने राहतोय. नवऱ्याच्या डोक्यात गावची जमीन विकायचंही आहे, संगमेश्वरकडे, पण सातबाऱ्यावर सात जणांची नावं आहेत आणि त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत.

---

निवृत्त_बँकवाला | २९ मार्च, दुपारी १२.४०

जमिनीचं विसरा, शेतजमीन या कर्जाला सहसा तारण घेतच नाहीत, आणि विकायची तर सात सह्यांत मुलगी पदवीधर होईल. रिडेव्हलपमेंटमधल्या फ्लॅटलाही बँक कां कूं करते. बिल्डरबरोबरचं पर्यायी जागेचं ॲग्रीमेंट रजिस्टर झालंय का ते आधी बघा.

---

सध्या_जर्सीत | २९ मार्च, दुपारी २.२०

झोपायला जाणार होतो पण हे वाचून थांबलो. ताई एक विचारतो, मदतीच्या फॉर्ममध्ये म्हणजे सीएसएस प्रोफाइलमध्ये घराची किंमत किती टाकलीत?

तिकडच्या बऱ्याच कॉलेजांचं असं असतं की तुमचं उत्पन्न आणि मालमत्ता बघून 'हे कुटुंब इतकं देऊ शकतं' असा एक आकडा काढतात. काही कॉलेजं राहतं घर त्यात धरतात, काही धरत नाहीत, हार्वर्ड धरत नाही. आता मुंबईतला माणूस म्हणजे कागदावर करोडपती आणि महिन्याच्या वीस तारखेनंतर उधारीवर, हे तिकडच्या ऑफिसातल्या बाईंना कसं कळणार. ४२० स्क्वेअर फुटाचा आकडा डॉलरमध्ये बघितला की त्यांना बंगलाच वाटतो.

अजून एक. ते ९२ हजार म्हणजे पाकिटावरची एमआरपी आहे, ती भरणारे असतात पण सगळे नाही भरत. प्रिन्स्टनने तर २००१ पासून मदतीत कर्ज द्यायचंच बंद केलंय, नुसती ग्रँट, म्हणजे परत न करायचे पैसे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी अशा मोजक्या ठिकाणी परदेशी मुलांनाही पैशाची ऐपत न बघता प्रवेश देतात आणि मग लागेल तेवढी मदत करतात. बाकी बहुतेक ठिकाणी, अगदी स्टॅनफर्डलासुद्धा, परदेशी मुलाने मदत मागितली तर प्रवेशाच्या वेळी ते बघितलं जातं. तुम्हाला ५८ हजार दिलेत म्हणजे त्यांना पोरगी हवीय. अपील करा. पत्र लिहायचं, कागद जोडायचे, रडगाणं नाही गायचं. आणि आत्ताच करा, पुढच्या वर्षी मागू म्हणाल तर बऱ्याच ठिकाणी परदेशी मुलांना मागता येत नाही.

---

मुलुंडकरीण | २९ मार्च, दुपारी ३.०१

अरे देवा. घराची किंमत १ कोटी ७५ लाख टाकलीय. बिल्डिंगखाली एक ब्रोकर बसायचा त्याने नवीन फ्लॅटची सांगितली होती ती. जो फ्लॅट अजून हवेत आहे! नवऱ्याने भरला फॉर्म, त्याला वाटलं जास्त लिहिलं की इम्प्रेशन पडेल.

---

कर्जत_स्लो | २९ मार्च, दुपारी ३.३३

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). वहिनी, दादांना काही बोलू नका, मी पण हेच केलं असतं. आयुष्यभर बँकेत गेल्यावर पोट आत घेऊन उभं राहायची सवय आपल्याला, इथे उलटं करायचं असतं ते कोण सांगणार.

---

पार्ल्याचा_बाबू | २९ मार्च, दुपारी ४.१०

राखलेली जागा वापरतो. माझ्या भावाने अपील केलं होतं, त्याचे कामाला आलेले कागद म्हणजे सीएच्या लेटरहेडवर उत्पन्नाचा दाखला, आईच्या आजारपणाची हॉस्पिटलची बिलं, आणि घरात किती माणसं एका पगारावर अवलंबून आहेत त्याचा साधा तक्ता. तुमच्या केसमध्ये जुन्या घराचं रजिस्टर्ड ॲग्रीमेंट, बिल्डरचा करार आणि सोसायटीचं पत्र की ताबा अजून मिळालेला नाही. सगळं इंग्रजीत भाषांतर करून.

---

नुसती_वाचक | २९ मार्च, रात्री ८.५०

थोडं अवांतर, पण विषय निघालाच आहे तर. माझा मुलगा जेईईला बसलाय, धाकटी पुढच्या वर्षी सीईटी देईल. अमेरिका वगैरे आमच्या स्वप्नातही नाही. उत्पन्न साडेसात लाख. आम्हालाही झोप नाही हो.

---

निवृत्त_बँकवाला | २९ मार्च, रात्री ९.४५

तुम्ही तर निवांत झोपा. आयआयटीची ट्यूशन फी २०१६ पासून वर्षाला २ लाख आहे, हॉस्टेल-मेस वेगळं. पाच लाखांखाली उत्पन्न असेल तर दोन तृतीयांश माफ, एक लाखाखाली पूर्ण माफ, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना तर उत्पन्न न बघता माफ. तुम्ही त्यात बसत नाही पण नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने पीएम विद्यालक्ष्मी मंजूर केलीय, चांगल्या मानांकनाच्या संस्थांसाठी (सुरुवातीला ८६०), त्यात ना तारण ना जामीनदार, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्नवाल्यांना दहा लाखांच्या कर्जावर शिकत असतानाच्या व्याजात ३ टक्के सवलत. ती सवलत वर्षाला एक लाख मुलांनाच आहे, त्यामुळे अर्ज लवकर करा. परदेशाला ही योजना नाही बरं का, नाहीतर मुलुंडताई उड्या मारतील.

धाकटीसाठी महाडीबीटीवर, म्हणजे राज्याच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवर, लक्ष ठेवा. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना आठ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर कॅप राउंडने, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तहसील कार्यालयात मारामारी असते. आणि शिक्षणाच्या कर्जाचं व्याज भरताना इन्कम टॅक्समध्ये त्याची वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, नवीन घेतली असेल तर विसरा.

---

कर्जत_स्लो | ३० मार्च, सकाळी ८.१५ (गाडीतून)

रात्री लिहायचं राहिलं ते लिहितो. आमचा मुलगा २०१७ ला गेला, डॉलर ६५ च्या आतबाहेर होता, २०२१ ला पास झाला तेव्हा ७४. म्हणजे कॉलेजने फी वाढवली ती वाढवलीच, वर रुपया घसरला तो वेगळाच. तुमचे ३४ हजार डॉलर चौथ्या वर्षीपण ३४ राहतील आणि डॉलर नव्वदीतच राहील असं धरून चालू नका.

पण मला दुसरंच सांगायचंय. आम्ही त्याला कधी आकडा सांगितला नाही. तू शिक, पैशाचं आम्ही बघतो, असं. बाप म्हणून फार भारी वाटायचं ते बोलायला. दुसऱ्या वर्षी तो घरी आला तर पँट कमरेवर राहीना. मेसचा सगळ्यात स्वस्त प्लॅन घेतलेला, आठवड्याला दहा जेवणांचा, बाकी वेळी ब्रेड आणि पीनट बटर. का रे, तर म्हणे तुम्ही फोनवर पैशाचं कधीच बोलत नाही म्हणजे परिस्थिती वाईटच असणार. इथे मी भाड्याच्या पैशांतून त्याला पाठवत होतो आणि तिथे तो ते वाचवून सेव्हिंगला टाकत होता, दोघंही एकमेकांना मस्त चाललंय सांगत. त्याच्या खात्यात १,९०० डॉलर निघाले. ते बघून ही रडली, मी चिडलो, का चिडलो ते मला आजपण सांगता येणार नाही.

ठाणे आलं, उतरतो.

---

कलिना_कॅन्टीन | ३० मार्च, सकाळी ११.२०

कर्जतकाका _/\_

मी थोडं वेगळं सांगते, रागावू नका. फिजिक्स म्हणालात म्हणून. मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसमध्ये अणुऊर्जा विभागाबरोबरचं बेसिक सायन्सचं सेंटर आहे, सीबीएस म्हणतो आम्ही, नेस्ट परीक्षेने प्रवेश, पाच वर्षांचं इंटिग्रेटेड एमएस्सी. मी तिथली. टीआयएफआर आणि बीएआरसीची माणसं येऊन शिकवायची, वर्ग इतका लहान की दांडी मारली तर सरांना नावासकट कळायचं. पात्र मुलांना वर्षाला ६० हजार स्कॉलरशिप आणि उन्हाळी प्रोजेक्टचे २० हजार. म्हणजे शिकायचे पैसे मिळतात. विज्ञानाच्या अशाच सरकारी संस्थांपैकी भुवनेश्वरचं नायसर त्याच परीक्षेवर, पुण्याचं आयसर वेगळ्या.

आणि अमेरिकेत फिजिक्सच्या पीएचडीला सहसा फी भरावी लागत नाही, वर स्टायपेंड मिळतो. माझ्या बॅचमधले बरेच जण असे गेले. कोणाच्याही बापाने एफडी मोडली नाही.

---

सई_सरळ_बोलते | ३० मार्च, दुपारी १.०५

कलिनाचं सगळं खरं असेल, पण जरा थांबा. १९९८ मध्ये माझ्या वडिलांनी मला असंच 'नंतर जा की' म्हणून सांगितलं होतं. नंतर लग्न झालं, नंतर मुलं झाली, आता मी नंतरच्या नंतरची आहे. अठराव्या वर्षी घरापासून लांब जाणं आणि चोविसाव्या वर्षी जाणं यात फरक असतो. आणि मुलीच्या बाबतीत आपला हिशेब पटकन पक्का होतो, मुलगा असता तर संगमेश्वरच्या सात सह्या चार दिवसांत झाल्या असत्या. ताई तुम्हाला म्हणत नाहीये, आपल्या सगळ्यांना म्हणतेय.

---

सध्या_जर्सीत | ३० मार्च, संध्याकाळी ६.४०

सईताईंचं बोलणं लागलं. मी स्वतः इथे पीएचडीला आलो, रुपयाही फी भरली नाही, तरी अठराव्या वर्षी आलेली मुलं बघितली की वाटतं यांना प्रोफेसरशी भांडायची जी सवय आहे ती मला तिशीत लागली. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते जे. एन. टाटा एन्डोमेंटच्या स्कॉलरशिपवर, १८९२ पासूनचा तो फंड आहे, आजही मुंबईतूनच चालतो, पण तोही पदवी झाल्यावरच्या शिक्षणासाठी आणि कर्जाऊ. पदवीसाठी परदेशी पाठवणारं असं आपल्याकडे फार थोडं आहे, हीच खरी अडचण.

मुलीला किती आकडा माहितीय?

---

निवृत्त_बँकवाला | ३० मार्च, रात्री १०.००

जर्सीकरांच्या शेवटच्या ओळीला अनुमोदन. ताई, अपीलाचं उत्तर यायच्या *आधी* दोघं बसून एक आकडा ठरवा, वर्षाला जास्तीत जास्त इतके, आणि कागदावर लिहून ठेवा. उत्तर आल्यावर ठरवायला बसलात तर आकडा उत्तराच्या मागे पळत जातो. टेबलावर शेकडो बाप बघितलेत असे, बारा म्हणत आत येतात, बाहेर जाताना बावीसवर सही केलेली असते.

---

मुलुंडकरीण | ६ एप्रिल, रात्री ११.५०

इतके दिवस आले नाही, सॉरी. सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले, ब्रोकरवाला भाग सोडून. तो त्याने स्वतःच वाचला.

अपील पाठवलं. सीएने दाखला दिला, सासूबाईंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची बिलं जोडली, घराची किंमत दुरुस्त केली आणि का चुकली ते नवऱ्याने सरळ लिहिलं. मग रविवारी जेवणं झाल्यावर लेकीला बसवलं. मी लाइट बिल पुढे केलं. तिने ते उलटसुलट बघितलं आणि म्हणाली, आई तू सोनं जुन्या भावाने धरलंयस.

तर तिला सगळं माहीत होतं. पत्र तिनेच आधी उघडलं होतं ना, आम्ही संध्याकाळी उघडलं, तिने पहाटे. आयसरची परीक्षा आणि नेस्ट दोन्हीचे फॉर्म तिने बाबांच्या कार्डवरून भरून ठेवलेत, त्याला वाटलं क्लासचे पैसे गेले. मी विचारलं मग ते हॉस्टेलचे व्हिडिओ कशाला बघतेस, तर म्हणाली बघायला काय पैसे पडतात का.

आकडा ठरला. बचतीतले थोडे, पगारातले थोडे आणि दहा-बारा लाखांपर्यंत एकूण कर्ज, म्हणजे वर्षाला बारा लाख. तिने स्वतः लिहून फ्रिजवर लावला. सासूबाई विचारतात हे बारा काय आहे, दूधवाल्याचे का.

---

सई_सरळ_बोलते | ७ एप्रिल, सकाळी ७.३०

पोरगी आवडली मला.

---

आंबट_कैरी | ७ एप्रिल, सकाळी ९.००

मी पहिल्यांदा जे लिहिलं ते मागे घेते. शेजाऱ्यांचं वगैरे. माझ्याच घरात तसं झालं होतं म्हणून लिहिलं गेलं.

---

मुलुंडकरीण | २३ एप्रिल, रात्री १०.१५

काल उत्तर आलं. साडेसात हजार डॉलरनी मदत वाढवली, फार छान पत्र लिहिलंय, पण म्हणजे आमच्याकडे साडेसव्वीस हजार राहिले, चोवीस लाखांच्या जवळ. बाराच्या दुप्पट.

नवरा म्हणाला पंधरापर्यंत ताणू, मग म्हणाला अठरा. काका, अगदी तुम्ही सांगितलं तसंच. मीही मनात वीसपर्यंत जाऊन आले, खोटं कशाला बोलू. लेक उठली, फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर ठेवला आणि आत गेली. नाही म्हणायचा मेल तिनेच लिहिला, मला दाखवला नाही. दार लावून होती साडेअकरापर्यंत, मग बाहेर येऊन वरणभात गरम करून खाल्ला, ओट्यापाशी उभ्यानेच. मी काही बोलले नाही. सई, तुमचं बोलणं डोक्यातून जात नाहीये आणि ते जावं असंही नाही.

---

कर्जत_स्लो | २४ एप्रिल, सकाळी ८.१०

वहिनी, तिला एक महिना कोणी 'जे होतं ते चांगल्यासाठी' असं म्हणू देऊ नका. बाकी काही नाही.

---

कलिना_कॅन्टीन | २४ एप्रिल, दुपारी १२.३०

+१ कर्जतकाका. ताई, तिला नेस्टचे जुने पेपर हवे असतील तर विपू (खाजगी निरोप) करा, माझ्याकडे नोट्सची अख्खी पिशवी आहे, कुर्ल्याला भेटून देईन. बायोचा सेक्शन सोडायचा तिने, चारातले सर्वोत्तम तीन विषय धरतात.

---

मुलुंडकरीण | २४ एप्रिल, दुपारी १.१५

विपू केलीय, थँक्यू ग. ती म्हणाली शनिवारी मीच जाते आणायला. आयसरच्या परीक्षेला सेंटर बहुतेक नवी मुंबईत येईल, मुलुंडहून सकाळी लवकर ट्रेनने बरं की गाडी करावी?

---

कर्जत_स्लो | २४ एप्रिल, दुपारी १.२०

परीक्षा रविवारी आहे ना? मेगाब्लॉक बघा आधी. ट्रान्सहार्बरला असेल तर ऐरोलीवरून गाडीच करा.